आजोबांना मासा पोचता केल्याबद्दल

मयूर विहार, दिल्ली
रविवार, दुपार (वामकुक्षी रद्द करून)

तीर्थस्वरूप चंद्रप्रभाताई,

धाकट्या श्रीरंगाचं डोकं तुझ्या पायांवर, पोस्टाने. (प्रत्यक्ष वाकणं सध्या होत नाही. मानेपासून कमरेपर्यंत उसण भरली आहे. तिचं कारण पत्रातच येईल, आणि ते वाचून तुला माझी कीव येणार नाही याची खात्री आहे.) तुझ्या गुडघ्यांबद्दल मागच्या पत्रात तू ‘बरे आहेत’ एवढंच लिहिलंस. दोन्ही की एक? आणि बरे म्हणजे जिना चढण्यापुरते, की खाली मांडी घालून बसण्यापुरते? अशी मोघम माहिती मला चालत नाही, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. भाऊजींचा खोकला कोरडा की ओला, तेही कळव. सांगलीच्या हवेला उगाच दोष देऊ नका; हवा काय असते ते इथे येऊन बघा.

आमच्याकडे सर्व ठीक आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. ठीक नाही. अलका माझ्याशी बोलत नाही.

म्हणजे बोलते. पुण्याहून दर रविवारी तिचा फोन येतो. ‘जेवलात का, बाबा?’ मी ‘जेवलो’ म्हणतो. ‘तू?’ ‘हो.’ ‘पाऊस आहे का?’ ‘आहे.’ आणि मग ‘आईला द्या’. याला तू बोलणं म्हणत असशील, तर तिकीटखिडकीतल्या माणसाशीही माझं बोलणं आहे. आणि हे सगळं का झालं, तर मी एका म्हाताऱ्याला मासा दिला. (हे वाक्य वाचून तू चष्मा पुसशील. चष्मा ठीक आहे. पहिल्यापासून सांगतो.)

अलका पुण्याला नोकरीला लागली, तेव्हा जाताना तिने तिचा जुना टॅब माझ्या हातात दिला. टॅब म्हणजे पाटीएवढा फोन. त्यावर बोलणं सोडून बाकी सगळं होतं. त्यात तिचा एक खेळ होता, कॉलेजपासूनचा. गाव बसवायचा खेळ. आपण एका बेटावर उतरतो, तिथे पडीक जमीन असते. ती नांगरायची, पेरायची, पाणी घालायचं, कोंबड्या पाळायच्या, लाकडं तोडायची, दगड फोडायचे. पुरेशी लाकडं साठली की चांगली कुऱ्हाड मिळते. तिने जास्त लाकडं तुटतात, त्यातून आणखी चांगली कुऱ्हाड मिळते. (याला शेवट काय, असं तू विचारशील. शेवटी सर्वांत उत्तम कुऱ्हाड मिळते आणि तोवर तोडायला झाड उरलेलं नसतं.) गावात माणसंही असतात. कोणाला मध हवा असतो, कोणाला विटा. ते आपण आणून द्यायचं.

“बाबा,” अलका म्हणाली, “रोज पाणी घाला, मुर्गियों को दाणे टाका, बस. और कुछ मत करना, प्लीज.” (मुलगी दिल्लीत वाढली. कोंबडी हा शब्द तिला येतो, पण घाईत सापडत नाही.)

आता हे किती स्पष्ट आहे बघ. ऑफिसात साहेब रजेवर गेले की खालच्या माणसाकडे चार्ज येतो. चार्ज घेणाऱ्याने रोजची कामं तेवढी बघायची, धोरणात हात घालायचा नाही, हे मी स्वतः नव्या पोरांना समोर बसवून समजावलं आहे. पण माझा दुसराही एक नियम आहे आणि तो या नियमाहून जुना आहे: माझ्या टेबलावर काही पेंडिंग राहत नाही. संध्याकाळी मी उठतो तेव्हा टेबलावर पाण्याचा ग्लास आणि माझी सावली, एवढंच असतं. अशा माणसाच्या हातात पोरीने अख्खं गाव दिलं, ज्यात जिकडेतिकडे काहीतरी अर्धवट होतं.

सुरुवातीला मी नुसतं पाणी घातलं. मग दिसलं की कुंपण वाकडं आहे. ते सरळ केलं. मग वांग्यांच्या वाफ्यात टोमॅटो घुसलेले दिसले. त्यांची वेगळी रांग लावली. विहिरीजवळ उगाच माजलेलं एक झुडूप होतं, ते काढलं. अलकाला फोनवर सांगितलं तर ती खूप हसली. “बाबा, गाव आहे ते, सेक्रेटेरिएट नाही!” ती हसली म्हणजे मंजुरी मिळाली, असं मी धरून चाललो. (तोंडी मंजुरीवर कधी काम करू नये, हेही मीच पोरांना शिकवतो.) मग मी दगडांना हात घातला.

एकच काम पुढच्या पायरीसाठी पुन्हा पुन्हा करत राहायचं, याला खेळणारी मुलं ‘ग्राइंडिंग’ म्हणतात. मला तो शब्द परका वाटला. मग एकदा पिठाचा डबा घेऊन गिरणीत उभा असताना डोक्यात उजेड पडला, की अरे, हे तर दळण! शब्द आपल्या घरातलाच निघाला. आणि ताई, कंटाळा इतका येतो की विचारू नकोस. दगडावर बोट, दगडावर बोट, दगड फुटला, पुढचा दगड. डोकं सुन्न होतं, मान आखडते (उसण ती हीच), चहा समोर निवतो, त्यावर साय धरते, आणि तरी बोट थांबत नाही. का थांबत नाही, यावर मी पुष्कळ विचार केला, कारण मला ते समजावणारं कोणी नव्हतं. आणि कोणी समजावलेलं मला कधी आवडलंही नाही. (टायपिंग मी मोडक्या यंत्रावर एकट्याने शिकलो. कॉम्प्युटर आले तेव्हा सगळे ट्रेनिंगला गेले आणि मी त्याच्या खोक्यातलं पुस्तक वाचत बसलो. ते ट्रेनिंगहून परत आले आणि मला विचारायला लागले. हे तुला आधी सांगितलं असेल. पुन्हा सांगायला हरकत नाही.)

तर कारण असं आहे. बाहेर माणूस जन्मभर दळतो, पण पीठ कोणाच्या डब्यात गेलं ते कळत नाही. माझी टिपणं वर गेली, तिथून आणखी वर गेली, आणि खाली आली ती दुसऱ्याच कोणाच्या सहीने. खेळात तसं नाही. दगड मी फोडला की दगड माझ्याच झोळीत पडतो, तिथल्या तिथे, ‘टिंग’ असा आवाज करून. वशिला नाही, ज्येष्ठतेची यादी नाही, अमक्याची बदली तमक्याला भोवली नाही. बोट झिजवलं की मिळतं. नोकरीत एवढी वर्षं गेली, पण माझ्या कामाला कोणी ‘टिंग’ केलं नव्हतं गं. सुमित्राला हे सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, “मग रोज पोळी फुगली की मीपण टिंग म्हणत जाते. तेवढ्यासाठी टॅब कशाला?”

बाकी त्या दिवसांत एक झालं खरं. रविवारचा फोन लांबला. आधी पाऊस आणि जेवण यांवर संपणारा फोन आता गावावर यायचा आणि तिथेच रेंगाळायचा. कोंबड्या किती अंडी देतात, चंपाकाकूंना (खेळातल्या; आपल्या नात्यातल्या नव्हेत) विटा मिळाल्या का, वाऱ्याने काय पडलं. मी सगळं तपशिलाने सांगायचो. ती मध्येच म्हणायची, “अच्छा? और आजोबा? आजोबा क्या बोल रहे हैं?” मला वाटलं, पोरगी चार्जचा हिशेब घेते आहे, चांगली सवय आहे. सुमित्रा मागून हात पुढे करायची, “अहो, मला द्या की आता!” आणि मी हाताने ‘थांब’ अशी खूण करायचो.

आता आजोबा. बेटाच्या दक्षिण टोकाला (अंदाजाने लिहीत नाही, खेळात होकायंत्र आहे) एक झोपडी होती आणि तिच्या दारात एक आजोबा बसलेले असायचे. गळ्यात मफलर, पायाशी रिकामी टोपली. जवळ गेलं की त्यांच्या डोक्यावर पिवळी खूण चमकायची. पिवळी खूण म्हणजे काम पेंडिंग. ते दर वेळी एकच म्हणायचे: ‘पोरा, आज वारा बरा आहे. निळ्या शेपटीचा मासा मिळाला का? घाई नाही.’ (खेळ हिंदीत आहे, मराठी भाषांतर माझं.) ते ‘घाई नाही’ मी रोज वाचलं आणि एकदाही ऐकलं नाही. कारण एव्हाना गावातल्या बाकी सगळ्यांच्या खुणा मी विझवल्या होत्या. मध गेला, विटा गेल्या, पुलाची फळी बसली. उरली होती ती एकच पिवळी खूण. दाढेत सुपारी अडकावी तशी ती मला टोचत होती.

तो मासा पाऊस पडत असेल तरच लागतो, आणि खेळातला पाऊस दिल्लीतल्या पावसासारखाच आहे, आपल्या सोयीने येत नाही. म्हणून टॅब मी मेट्रोतही न्यायला लागलो. गळ टाकायचा, बूच बुडण्याची वाट बघायची, बुडालं की त्याच क्षणी ओढायचं. आधी ओढलं तर शेवाळ, नंतर ओढलं तर जुना बूट. असं शेवाळ आणि बूट किती काढले त्याची मोजदाद मी ठेवलेली नाही. (ठेवली असती तर ती सुमित्राने वाचली असती.) इतर लोक म्हणे व्हिडिओ बघून युक्ती शिकतात. मी बघितला नाही. मी बूच बुडण्याआधी पाण्यावर उठणारी वलयं अभ्यासली. सकाळी वलयं, संध्याकाळी वलयं. शेवटी कोणत्या वलयानंतर ओढायचं ते मला समजलं, आणि पुढच्याच दिवशी गाडी यमुनेच्या पुलावर असताना खेळात पाऊस लागला.

माझ्या शेजारी करोल बागला लग्नाच्या खरेदीला निघालेल्या एक पंजाबी बाई बसल्या होत्या, मांडीवर रिकाम्या पिशव्यांची चळत घेऊन. त्या अक्षरधामपासून माझ्या टॅबमध्ये बघत होत्या. “अंकल, अब खींचो!” (वयाने त्या मला थोरल्या असाव्यात.) मी म्हटलं, “अभी नहीं, रिंग देखनी पड़ती है।” “अरे रिंग-विंग छोड़ो जी, खींचो!” मी माझ्या वेळेनेच ओढला. आणि ताई, निळी शेपटी! बाईंनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली की उसणीचा थोडा वाटा त्यांचाही आहे. समोर उभ्या असलेल्या दोघांनी टाळ्या वाजवल्या. एवढ्या नोकरीत माझ्यासाठी टाळ्या वाजल्या त्या ह्याच, आणि त्या नादात माझं मंडी हाउस स्टेशन निघून गेलं.

इथे मी थांबायला हवं होतं. थांबलोही होतो, खोटं सांगत नाही. मी म्हणालो, “बेटी का गेम है, एक बार उससे पूछ लूँ।” तर बाई म्हणाल्या, “लो जी! अच्छे काम में क्या पूछना? बेचारे बुज़ुर्ग कब से बैठे हैं।” सगळा डबा माझ्या बोटाकडे बघत होता. मी आजोबांपाशी गेलो आणि ‘मासा द्या’ यावर बोट ठेवलं. पिवळी खूण विझली. आजोबा उठले. (उठलेले मी त्यांना पहिल्यांदाच बघितले, बरेच उंच निघाले.) मासा टोपलीत ठेवला, मफलर नीट केला, म्हणाले, ‘आता पलीकडच्या बेटावर, मुलाकडे जातो. तू आलास, बरं झालं.’ आणि होडीत बसून निघून गेले. होडी दिसेनाशी झाल्यावर पडद्यावर अक्षरं आली, की ही झोपडी आता तुमची, गोदाम म्हणून वापरता येईल.

टाळ्या थांबल्या. बाई म्हणाल्या, “हाय, चले गए?” तेवढ्यात करोल बाग आलं, त्या पिशव्या सावरत उतरल्या, आणि मी तसाच बसून थेट द्वारकेपर्यंत गेलो, म्हणजे गाडीच जिथे संपते तिथपर्यंत. अर्ध्या दिवसाची रजा गेली. तरी मनात मी खूशच होतो, हे लिहायला हवं. गावात एकही पिवळी खूण उरली नव्हती. रविवारी अलकाला सांगेन, ती काय म्हणेल, याची मी घोकंपट्टी करत होतो.

रविवारी तिने विचारलं, “और आजोबा?”

मी म्हणालो, “निकाली काढले!”

“म्हणजे?”

“मासा दिला. गेले मुलाकडे. अगदी आनंदात गेले.”

मला वाटलं फोन कटला. मग म्हणाली, “बाबा, मैंने तीन साल से नहीं दिया था, यार.”

मी म्हणालो, “मिळत नव्हता, म्हणून ना? अगं, त्याची युक्ती आहे, वलयं—”

“मिळत होता. बहुत बार मिळाला. मी परत पाण्यात सोडायचे. दिला की ते जातात, सगळ्यांना माहीत आहे.” आणि मग, “आईला द्या.”

त्या दिवसापासून ही ‘आईला द्या’ची साथ आली आहे.

मी काही केलं नाही असं समजू नकोस. टॅब बंद करून चालू केला. झोपडीसमोर जाऊन उभा राहिलो, पावसात, उन्हात. तसला दुसरा मासा पकडून दारात ठेवून बघितला, कोंबडीने खाल्ला. शेवटी खेळाच्या कंपनीला सविस्तर पत्र लिहिलं: वस्तुस्थिती, चूक कोणाची, विनंती काय, असे वेगवेगळे परिच्छेद पाडून. उत्तर लगेच आलं: ‘अभिनंदन! आपण कथा पूर्ण केलीत.’ खाली फुगे उडत होते. सुमित्राने ते बघितलं आणि म्हणाली, “न्हाणीघराचा नळ इतकी वर्षं गळतोय तो तुम्हाला पेंडिंग चालतो, आणि त्या गरीब म्हाताऱ्याचा मासा तेवढा चालत नाही. ती त्याला ठेवून घेत होती हो, आणि तुम्ही त्याला निरोपाचा नारळ दिलात.”

ताई, माझं कुठे चुकलं ते मला कळतं, पण फार सावकाश कळतं. मला वाटायचं, काम अर्धवट ठेवणारा माणूस आळशी. पोरगी दर पावसात तो मासा पकडून पाण्यात सोडत होती. म्हणजे तीही माझ्याइतकंच दळत होती. फक्त मी दळत होतो ते काम संपवायला आणि ती दळत होती ते संपू नये म्हणून. एवढं साधं मला कोणी सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं, कारण सांगितलेलं ऐकायची सवय नाही. आता गाव अगदी नेटकं आहे. कुंपण सरळ, रांगा सरळ, कोणाला काही नको. मी जातो, पाणी घालतो, आणि कोणी माझ्याकडे मान वर करून बघत नाही. रिटायर झाल्यावर ऑफिसात सहज चक्कर मारली तर असंच वाटत असणार.

तर तो खेळ मी बंद केला आहे. टॅब कपाटात, वुलनच्या कपड्यांखाली ठेवला आहे. पुन्हा म्हणून त्या दळणाला बसणार नाही, हे तुला लेखी देतो. भाऊजींना नमस्कार, त्यांना म्हणावं खोकल्यावर आल्याचा रस, पण गाळून. गुडघ्यांचं सविस्तर कळव. थोरल्या बहिणीच्या आशीर्वादाला अजून पात्र असेन, तर तो पाठव; नसेन तर सुमित्राच्या नावे पाठव, मी त्यातला वाटा घेईन.

तुझा,
श्रीरंग

ता. क. — टॅब बंद केला, हे खरं आहे. पण माझ्या स्वतःच्या फोनवर मी नवं गाव सुरू केलं आहे. गैरसमज नको, हे माझ्यासाठी नव्हे. अलकाचं गाव होतं तसंच्या तसं बसवायचं, दगड पुन्हा फोडायचे, आणि आजोबा परत येऊन दारात बसले की ते तिला सुपूर्त करायचं, मासा न देता. आजोबा यायला आता थोडंच दळण उरलं आहे. अडचण अशी की मी सगळं सरळ करून टाकलेलं असल्यामुळे मूळचा वाकडेपणा आठवत नाही. दिवाळीत ती तुझ्याकडे सांगलीला येणार आहे. तेव्हा खेळाचं नाव न काढता सहज विचार, की अगं, तुझ्या बेटावरचं कुंपण कोणत्या बाजूला कलतं होतं, किती कलतं होतं, आणि विहिरीजवळचं झुडूप विहिरीच्या पूर्वेला की ईशान्येला. तिला संशय येता कामा नये.

ता. क. दुसरा — पत्र शुद्धलेखनासाठी सुमित्राला दाखवलं. शुद्धलेखनाची चूक एकही नाही. पण वरचा ता. क. वाचून तिने पत्र खाली ठेवलं आणि म्हणाली, “अहो, तिला दुसरा म्हातारा कशाला हवाय? ती त्या म्हाताऱ्यासाठी फोनवर एवढा वेळ थांबत होती असं वाटतं तुम्हाला? तुम्ही बोलत होतात म्हणून थांबत होती. आजोबा काय म्हणाले, ते तुमच्या तोंडून ऐकायचं होतं तिला. त्यांचं एकच वाक्य तर होतं, ते तिला तीन वर्षं पाठ होतं.” मग म्हणाली, वरचा ता. क. खोडा. खाडाखोड मला चालत नाही, म्हणून तो रद्द समजावा. कुंपणाचं विचारू नकोस.

ता. क. तिसरा — तिला एवढंच विचार, की तिच्याकडे बाबांनी सांभाळावं असं दुसरं काही आहे का. खेळच हवा असं नाही. कुंडी चालेल. मांजर चालेल (सुमित्राला चालत नाही, तिला मी बघून घेईन). रविवारी तिने त्याची खबर विचारावी, मी सांगावी. तपशिलाने सांगेन, आणि त्याला सरळ करणार नाही. अट माझी एकच आहे: ती जे देईल, ते संपणारं नसावं.